शिनोजच्या नावाचा बसथांबा

मित्रांनो, मी पुन्नवयल गावचा बसथांबा आहे. वय विचाराल तर बारा वर्षं. बसथांब्याची बारा वर्षं म्हणजे माणसाची साठी समजा. पाठीत ओल धरते, कौलांतून ठिबकतं आणि कुणी विचारलं नाही तरी बोलावंसं वाटतं. माझ्या कपाळावर एका मुलाचं नाव लिहिलेलं आहे, शिनोज. त्याच्या आठवणीसाठीच मला बांधलं. आणि त्या मुलाला मी एकदाही पाहिलेलं नाही. तो गेला म्हणून तर मी आलो.

आमच्या कण्णूरच्या बाजूला अशीच रीत आहे. घरातलं तरणं पोर गेलं की गाव आधी रडतं आणि मग वर्षाच्या आत त्याच्या नावाने बसथांबा बांधतं. शहराकडे जाणाऱ्या आमच्या रस्त्यावर असे पाच थांबे आहेत. कंडक्टर गावाचं नाव घेतच नाहीत. "शिनोज आला, शिनोजवाले उतरा," असं ओरडतात आणि म्हाताऱ्याकोताऱ्या पिशव्या सावरत शिनोजला उतरतात. जो मुलगा जन्मात कुठे वेळेवर पोचला नाही, तो आता दिवसातून बावीस वेळा वेळेवर येतो.

हे सगळं मी ऐकीव सांगतो आहे. माझं शिक्षण बाकावरचं. माणसं येतात, बसतात, बसला शिव्या घालतात आणि मग आपोआप खरं बोलू लागतात. मी ऐकतो. मला दुसरं कामही नाही.

मला बांधलं शिनोजच्या मित्रांनी. वाचनालयाच्या पोरांनी खाणीतून जांभ्याचे चिरे डोक्यावरून आणले. पाया कण्णन मेस्त्रीने घेतला, पण भिंत आम्हीच रचणार असा पोरांचा हट्ट. त्याचा परिणाम असा, की माझ्या मागच्या भिंतीतला एक चिरा आजही दोन बोटं बाहेर आलेला आहे. तो रिजेशने बसवला. रिजेश म्हणजे शिनोजचा जिवलग मित्र. चिरा बसवताना तो इतका रडत होता की त्याला ओळंबा दिसेना, असं मेस्त्री सांगतो. नेमकी त्याच चिऱ्यावर पाठ टेकते, त्यामुळे बाकावर बसणारा प्रत्येक नवा माणूस एकदा तरी कळवळतो. मी मनातल्या मनात रिजेशच्या वतीने माफी मागतो.

भिंती झाल्या, मंगलोरी कौलं चढली, बाकाला तांबडा गिलावा झाला. मी दिसायला बरा होतो, हे मी माझ्या तोंडाने सांगायला नको, पण सांगणारी माणसं आता उरली नाहीत. मग उरलं शिनोजचं चित्र आणि त्याखालचा मजकूर. इथे सगळा घोटाळा झाला.

शिनोजचे फोटो दोनच होते. एकात डोळे मिटलेले आणि दुसऱ्यात जीभ बाहेर. आर्टिस्ट दासन म्हणाला, "फोटो कशाला? पोरगं माझ्या डोळ्यांपुढे उभं आहे." त्याच्या डोळ्यांपुढे कोण उभं होतं देव जाणे. आमच्या भागात राजकारणापायी जीव गेलेल्यांचे फलक रंगवून रंगवून दासनच्या हाताला एकच चेहरा बसला होता. भरघोस मिशी, मागे वळवलेले केस, दूर कुठेतरी लागलेली नजर आणि पाठीशी उगवता सूर्य. त्याने तोच काढला. ज्या पोराच्या ओठावर चार केस धड आले नव्हते, त्याला चाळिशीचा पुढारी करून ठेवला. समोरच्या चहाच्या दुकानातला पवित्रन रस्ता ओलांडून आला, कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "हा शिनोज नव्हे. हा शिनोजचा सासरा."

मजकूर लिहिला भास्करन माषनी. हे वाचनालयाचे अध्यक्ष आणि शाळेतले गणिताचे मास्तर. त्यांनी लिहिलं: 'शांत, विनयशील, मितभाषी, गुरुजनांचा लाडका आणि एक दिवसही शाळा न चुकवलेला आमचा शिनोज.' शब्द इतके झाले की सुरुवातीची अक्षरं तळहाताएवढी आहेत आणि शेवटची मुंगीएवढी. त्याखाली तो कशाने गेला हेही लिहिलं आहे म्हणतात, पण ते वाचायला मुंगीच पाहिजे.

आता हे भास्करन माष म्हणजे कोण? तर ज्यांनी शिनोजला दोन वर्षं बाकावर उभं करून ठेवलं ते. शिनोज गणित बसून कधी शिकलाच नाही, असं त्याचे वर्गमित्र सांगतात. मग माषनी असं का लिहिलं? लोकांना ते म्हणाले, गेलेल्याबद्दल चांगलंच लिहावं. पण एका संध्याकाळी ते एकटेच येऊन बाकावर बसले होते. चष्मा पुसत फलकाकडे पाहून हळूच म्हणाले, "खडू फेकायला नको होते रे तुझ्यावर." तेव्हा मला कळलं. माणूस माफी मागायला लाजला की तारीफ करतो.

खरा शिनोज कसा होता ते मला बाकाने सांगितलं. पवित्रनच्या दुकानात सकाळी म्हाताऱ्यांना पेपर मोठ्याने वाचून दाखवायचं काम त्याचं. बातम्या कंटाळवाण्या असल्या की तो पदरच्या घालायचा. एकदा त्याने वाचलं, ज्यांच्याकडे दोनपेक्षा जास्त कोंबड्या आहेत त्यांनी पंचायतीत कोंबड्यांच्या नावांची नोंद करावी. कुंजंबू नावाचे गृहस्थ चार कोंबड्या टोपलीत घालून पंचायतीत गेले. चौघींची नावंही ठरवून गेले होते. परत आल्यावर ते कोयता घेऊन शिनोजला शोधत होते आणि शिनोज त्यांच्याच माडीवर लपला होता, त्यांच्याच बायकोने दिलेलं तांदळाचं वाफाळतं पुट्टू खात.

बसची गोष्ट तर मला शंभरदा ऐकायला मिळाली आहे. आमच्याकडे शाळकरी पोरांना सवलतीचं तिकीट असतं, म्हणून दप्तर दिसलं की खासगी बसवाल्यांचा पाय ब्रेकवर जातच नाही. तेव्हा माझ्या जागी फणसाचं झाड होतं. शिनोजने शेजारच्या चीरुअम्माला फितवलं. सत्तरीची म्हातारी, हातात काठी, काखेत छत्री. ती झाडाखाली उभी राहून हात करायची. पूर्ण तिकिटाची म्हातारी पाहून बस थांबायची, की फणसाआडून सात पोरं धावत सुटायची आणि आत शिरायची. चीरुअम्मा "जा रे बाळांनो, नीट शिका," म्हणून घरी परत. मोबदला रोजचं एक पान. दोन महिने छान चाललं. मग ड्रायव्हर शहाणे झाले आणि म्हातारी दिसली की जोरात पळवू लागले. नेमका त्याच आठवड्यात चीरुअम्माला खरंच दवाखान्यात जायचं होतं. ती तीन मैल चालत गेली. आजही माझ्या बाकावर बसली की आधी शिनोजला एक शिवी देते आणि मग डोळे पुसते.

इतके सगळे जण यायचे, बोलायचे. एकच बाई कधी आली नाही. शिनोजची आई.

रोहिणी तिचं नाव. नवरा बालन मस्कतला स्वयंपाकी, दोन वर्षांतून एकदा येणारा. ती विणकर सोसायटीत मागावर बसते. रोज सकाळी तिला शहराकडची बस लागते आणि तिच्या घरापासून सर्वांत जवळचा थांबा मी. तरी ती माझ्यासमोरून जायची, माझ्या बाजूला छत्री कलती करायची आणि अर्धा मैल चालून पुढच्या थांब्यावर बस धरायची. ऊन असो, पाऊस असो. दरवर्षी शिनोजच्या स्मृतिदिनाला माझ्या डोक्यावर भोंगे बांधायचे, त्याच्या शांत स्वभावावर पाऊण पाऊण तास भाषणं व्हायची, पण ती येत नसे. भास्करन माष वाटेत दिसले आणि नमस्कार केला तर ती उलट नमस्कारही करत नसे. लोक म्हणायचे, दुःखाने आहे तसं.

मला मात्र वाईट वाटायचं. मला वाटायचं, तिला मी आवडत नाही. तिच्याच मुलाच्या नावाने मी उभा आणि तिनेच माझ्या सावलीला पाय लावू नये, हे मनाला लागलेलं होतं. बाकी हाल काय, सगळ्यांचेच होतात. पोस्टरं चिकटली, पानाच्या पिचकाऱ्या पडल्या, दोन कौलं फुटली, एक कुत्री माझ्या बाकाखाली दोनदा व्याली. पण ती छत्री कलती झाली की त्या दिवशी मला दुसरं काही सुचायचं नाही.

असं अकरा वर्षं चाललं. मग निवडणूक आली.

दुपारची वेळ होती. एका पक्षाचा उमेदवार जीपमधून चालला होता. बाहेरच्या जिल्ह्यातला माणूस, त्याला गावची काही माहिती नाही. त्याने माझ्यावरचं चित्र पाहिलं. मिशी, दूरची नजर, पाठीशी सूर्य. आमच्या भागात अशा चेहऱ्याचा एकच अर्थ होतो. त्यातून दासनचा तो सूर्य त्या पक्षाच्या झेंड्याच्या रंगाचा होता. उमेदवाराने जीप थांबवली, गळ्यातला हार काढला, बाकावर चढून शिनोजच्या चित्राला घातला आणि भोंग्यावरून सुरू केलं, "या मातीसाठी ज्याने रक्त सांडलं..."

पवित्रन किटली घेऊन धावत आला. "साहेब, अहो, त्याला ताप..."

"ताप आलाय सगळ्या समाजाला!" साहेब म्हणाले. त्यांना वाटलं, भाषणात भर घालतोय.

एवढ्यात उलट्या बाजूने दुसऱ्या पक्षाची मिरवणूक आली. आता गंमत अशी, की अकरा उन्हाळ्यांत अर्ध्या सूर्याचा रंग बराच उडाला होता आणि उडून उडून तो या दुसऱ्या पक्षाच्या रंगावर आला होता. कोणते पक्ष ते मी सांगत नाही, माझ्या भिंतीवर पोस्टरं पुरेशी आहेत. दुसऱ्या पक्षाचे लोक ओरडले, "आमच्या हुतात्म्याला हात कुणी लावला?" आणि त्यांनीही एक हार घातला. एका पोराच्या गळ्यात दोन पक्षांचे हार. घोषणा सुरू झाल्या. 'शिनोज अमर रहे' दोन्हीकडून, पण एकमेकांवर दात खाऊन. आणि मध्ये अडकली पौर्णमी. पौर्णमी म्हणजे शहरातून येणारी बस. तिचा कंडक्टर कोण, तर रिजेश. गळ्यात चामड्याची पिशवी अडकवून तो पायरीवर उभा राहिला आणि तोंड उघडं टाकून बघत राहिला.

चीरुअम्मा काठी टेकत गेली आणि रोहिणीला घेऊन आली. "चल बाई, तुझ्या पोराला दोन्हीकडून ओढतायत," एवढंच तिने सांगितलं म्हणे. त्या दिवशी सोसायटीला सुट्टी होती. रोहिणी तशीच आली, ओल्या हातांनी, छत्रीशिवाय. गर्दी बाजूला झाली. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिचा पाय माझ्या सावलीत पडला.

"हा कोण तुमचा?" तिने पहिल्या उमेदवाराला विचारलं.

"आमचा हुतात्मा, अम्मा. याच्या रक्ताचा थेंब न् थेंब..."

"रक्त तपासणीला दोनदा काढलं तेवढंच. बाकीचं सगळं घेऊन गेला तो. तापाने गेला माझा मुलगा. ताप कुठल्या पक्षाचा ते सांगा, मग हार घाला."

उमेदवाराने शेजारच्या माणसाकडे पाहिलं. शेजारच्याने फलकाकडे पाहिलं. अक्षरं मुंगीएवढी होती.

दुसऱ्या पक्षाचा एक जण पुढे सरकला. "पण चेच्ची, ताई, आमच्या मोर्चात असायचा तो. मी स्वतः पाहिलाय."

"असेल की. तुमच्या मोर्चात लिंबाचं सरबत मिळायचं. यांच्या मोर्चात केळ्याची भजी. दोन्हीकडे असायचा. झेंडा दिलात तर कापड टाकून काठी घरी आणायचा. माझ्या पडवलाचा मांडव तुमच्या दोघांच्या काठ्यांवर उभा आहे."

ती चप्पल काढून बाकावर चढली. दोन्ही हार उतरवले आणि ज्याचा त्याला परत दिला. जीपा मागे गेल्या, मिरवणूक वळली, जाताना भोंगेसुद्धा बंद होते.

ती बाकावर तशीच उभी राहिली. चित्र आता तिच्या तोंडासमोर होतं.

"हा बाप्या कोण?" तिने विचारलं.

दासन गर्दीतच होता. तो बसच्या मागे गेला. पवित्रन म्हणाला, "चेच्ची, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

मग ती फलक मोठ्याने वाचू लागली. "शांत." तिने मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. "मितभाषी." चीरुअम्माला हसू आवरेना, तिने पदर तोंडात धरला. "एक दिवसही शाळा न चुकवलेला." इथे तिचा आवाज थांबला. ती खाली उतरली आणि बाकावर बसली. रिजेशचा चिरा तिच्या पाठीला लागला असणार, पण तिला काही कळलं नाही.

"त्याला ताप आणता यायचा," ती म्हणाली. कुणाला सांगत होती कोण जाणे. "काखेत कांदा दाबून बसायचा. अंग खरंच गरम व्हायचं. महिन्यातून दोनदा. मग मी ओळखायला लागले, कांद्याचा वास घ्यायचे. त्या सोमवारी म्हणाला, अम्मा, आज खरा ताप आहे. मी काख तपासली. कांदा नव्हता. म्हटलं, कार्ट्याने नवी युक्ती काढली. हाताला धरून इथे आणला, फणसाखाली. बसमध्ये चढेपर्यंत उभी राहिले, पळून जाईल म्हणून. खिडकीतून माझ्याकडे बघत होता." तिने पदराने तोंड पुसलं. "शुक्रवारी गेला. अंगात ताप घेऊन माझं पोर दिवसभर त्या गणिताच्या वर्गात बसून होतं. आणि तुम्ही इथे त्याच जागेवर लिहून ठेवलंय, एक दिवसही शाळा चुकवली नाही. रोज वाचू हे मी?"

मित्रांनो, मी दगडाचा आहे. तरी मला वाटलं, त्या क्षणी कुणी मला पाडून टाकलं तर बरं.

भास्करन माष पुढे आले. चष्मा काढला, पुन्हा घातला. "रोहिणी, त्या सोमवारी तो वर्गात नव्हता. हजेरीत गैरहजर आहे. मला वाटलं, तापामुळे तू घरी ठेवलंस."

"नव्हता?"

"नव्हता."

"मग तुम्ही त्याला खडू फेकून मारलेत ते?"

"कुणाला? तो नव्हताच."

"संध्याकाळी घरी आला," रोहिणी सावकाश म्हणाली, "अंग फणफणत होतं. मी विचारलं, काय शिकवलं? म्हणाला, प्रमेय शिकवलं आणि माषनी दोनदा खडू फेकून मारला. कपाळ दाखवलं मला. आजारी पोराला मारतो हा माणूस, म्हणून मी अकरा वर्षं तुमच्या तोंडाकडे पाहिलं नाही."

माषचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पोराने आयुष्यातल्या शेवटच्या आठवड्यात सुद्धा हिशेब चुकता केला होता.

आता सगळ्यांचं लक्ष पौर्णमीच्या पायरीकडे गेलं, कारण तिथून हुंदका आला. रिजेश खाली उतरला. सत्तावीस वर्षांचा बाप्या, स्वतःला एक मुलगी असलेला, शाळेत पकडल्यासारखा उभा राहिला.

"चेच्ची, आम्ही शाळेत गेलोच नाही. पुढच्या स्टॉपवर मी चढलो आणि शहरात उतरलो. मैदानावर फुटबॉलचे सामने होते."

"ताप होता ना रे त्याला?"

"होता. मी म्हटलं, शिनोज, घरी जा. तर म्हणाला, खोट्या तापाला सुट्टी मिळते आणि खऱ्याला मिळत नाही, हा अन्याय आहे. माझी सुट्टी मीच घेणार. दिवसभर कुंपणाच्या भिंतीवर बसला होता. रेफरीला इतकं बोलला की रेफरी सामना थांबवून त्याच्या मागे धावला. आम्ही परत दुसऱ्या बाजूने येऊन बसलो. परोटे आणि अंड्याचा रस्सा खाल्ला."

"किती?"

"तीन. एक माझा होता तोही त्यानेच खाल्ला."

रिजेश म्हणाला, "मला शंभरदा सांगावंसं वाटलं. पण तो गेल्यावर माषनी हे लिहिलं आणि गावाने टाळ्या वाजवल्या. मग कुठल्या तोंडाने सांगू, की तो शेवटच्या आठवड्यात सुद्धा शाळा बुडवून... आणि मी बरोबर होतो. रोज या थांब्यावर त्याचं नाव घेऊन ओरडतो, चेच्ची, आणि रोज वाटतं आज सांगावं."

रोहिणीच्या घशातून आवाज आला. मला वाटलं, रडते आहे. पण ती हसत होती. आधी ठसका लागल्यासारखी, मग पोट धरून. "तीन परोटे! आणि घरी येऊन म्हणाला, अम्मा, जेवण जात नाही. मला वाटलं, तापाने. अरे गाढवा! कळलं असतं तर तंगडं मोडून ठेवलं असतं!" हसता हसताच तिचं रडू सुरू झालं. चीरुअम्मा तिच्या शेजारी बसली आणि तिने तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. "मी पाठवला तो पाठवलाच गं," रोहिणी म्हणाली. "पण भिंतीवर बसून ओरडत होता ना? वर्गात मान खाली घालून नव्हता बसला."

"मान खाली?" रिजेश म्हणाला. "रेफरीला विचारा."

रस्ता केव्हाच मोकळा झाला होता. पौर्णमीच्या ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला होता, तो काढला आणि गाडी बंद केली. आमच्या खासगी बसवाल्यांनी असं केल्याचं मी तरी दुसऱ्यांदा पाहिलेलं नाही. उतारू खाली उतरले. पवित्रनने चहा आणला. ज्याला जे आठवेल ते तो सांगू लागला आणि त्या दुपारी कुणीही शिनोजला शांत म्हटलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात माष वही घेऊन रोहिणीकडे गेले. काय लिहायचं ते तूच सांग म्हणाले. तिने सांगितलं. माषनी एकच दुरुस्ती सुचवली, ती तिने मानली नाही. दासनने मिशी खरवडून काढली आणि जीभ बाहेर काढलेला फोटो समोर ठेवून चित्र नव्याने काढलं. स्मारकावर असं बरं दिसत नाही, असं तो तीन दिवस कुरकुरत होता. आता माझ्या कपाळावर लिहिलेलं आहे: 'शिनोज. रोहिणी आणि बालन यांचा मुलगा. वय सोळा वर्षं चार महिने. फार बोलायचा. शाळा बुडवायचा. आम्हाला अजून हवा होता.' अक्षरं सगळी सारखी मोठी आहेत. बसमधूनसुद्धा वाचता येतात.

तेव्हापासून रोहिणी रोज सकाळी माझ्या बाकावर येऊन बसते. माष आले तर सरकून जागा देते.

मित्रांनो, माझी फार मागणी नाही. कौलं शाकारलीत तर बरं, पिचकाऱ्या टाकू नका, पोस्टरं लावायचीच तर पोराच्या तोंडावर लावू नका. पण खरी विनंती वेगळी आहे. तुमच्याही घरातून कुणी गेलं असेल. त्याला धुऊनपुसून, मिशी लावून, भिंतीवर टांगून ठेवू नका. त्याच्या खोड्या सांभाळा, त्याच तर त्याच्या होत्या. आणि कधी पुन्नवयलला आलात तर सकाळी माझ्या बाकावर बसा. शेजारी मागावरचा धागा पदराला चिकटलेली एक बाई असेल. तिला विचारा, हा मुलगा कोण? ती सांगायला लागली की तुमची बस चुकेल. चुकू द्या, मागून दुसरी येते.